घरचा आहेर

माणसाने माणसाला काय द्यावे, यावर आपल्या शास्त्रांत पुष्कळ लिहून ठेवले आहे. अन्नदान, वस्त्रदान, गोदान, भूदान, झालेच तर कन्यादान. पण दिलेले वस्त्र मापात बसले नाही तर घेणाऱ्याने काय करावे, याबद्दल शास्त्रकार एकजात मौन पाळून आहेत. माझा तर्क असा, की शास्त्रकारांच्या बायका शिवणकाम करीत नसाव्यात. किंवा करीत असल्या, तरी त्या काळी धोतर आणि उपरणे एवढाच पुरुषी पोशाख असल्यामुळे प्रसंग ओढवत नसावा. धोतराला खांदा नसतो, बाही नसते, कॉलर नसते. धोतर कधी चुकत नाही. चुकतो तो नेसणारा.

आमचे तसे नाही. आम्ही शर्ट घालणारी माणसे. मी बँकेत कारकून. वय शेहेचाळीस, शिक्षण बी. कॉम., मूळ गाव लातूर, मुक्काम नांदेड. प्रमोशन दोनदा नाकारले, कारण प्रमोशनच्या पाठोपाठ बदली येते. मध्यंतरी बँकेने 'कारकून' हा शब्द काढून टाकून आमचे नव्याने बारसे केले. नवे नाव इतके लांब आहे, की काउंटरवरच्या पाटीत मावत नाही. काम मात्र तेच, इकडची आणि तिकडची बेरीज जुळवणे. संध्याकाळी पाच रुपयांचा फरक आला, तरी जुळेपर्यंत आम्हाला चहा गोड लागत नाही. अशा माणसाच्या अंगावर गेल्या दिवाळीच्या पाडव्याला, बायकोने स्वतः शिवलेला शर्ट चढला.

शर्ट चौकटीचा होता. बटणे लावल्यावर डावीकडच्या चौकटी उजवीकडच्या चौकटींपेक्षा अर्धे घर वर होत्या. म्हणजे जमा आणि नावे यांचा ताळमेळ लागत नव्हता. उजवी बाही मनगटापर्यंत पोचत होती; डावी तीन बोटे अलीकडेच थांबली होती. कॉलर गळ्याशी सलगी करीत होती. बायको औक्षणाचे ताट हातात धरून विचारती झाली, "कसा झालाय?"

मी म्हणालो, "छान!"

हा लेख त्या एका शब्दाविषयी आहे.

मुळात शिवण आमच्या घरात शिरले ते करोनाचा हात धरून. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. दुकाने बंद, मास्क मिळेना. एप्रिलमध्ये सरकारनेच सांगितले, की घरी कापडाचा मास्क शिवून वापरा. सरकारच्या सगळ्या आदेशांपैकी आमच्या घरात त्याच दिवशी अमलात आलेला हा एकमेव. बँका तेव्हाही चालूच होत्या. त्यामुळे पहिला मास्क माझ्या वाट्याला आला. शेजारच्या काकूंच्या मशीनवर तो शिवला गेला. त्याने नाक झाकले, तोंड झाकले आणि नाड्या ओढल्यावर डोळेही झाकले. रोगापासून इतका संपूर्ण बचाव कोणत्याच कंपनीच्या मास्कने केला नसता. पुढे बायकोचा हात बसला, उशांचे अभ्रे झाले, पडदे झाले, आणि मग हप्त्याने आमचे स्वतःचे मशीन आले.

हप्त्यावरून आठवले. शिवणयंत्र निघाले तेव्हा शिंपी लोक फार धास्तावले होते. १८३० च्या सुमारास फ्रान्समध्ये तिमोनिये नावाच्या गृहस्थाने यंत्रांचा कारखाना काढला, तर पॅरिसच्या शिंप्यांनी धंदा बसेल म्हणून तो मोडून टाकला. मग अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्र इतके महाग, की सामान्य घराला ते झेपेना. म्हणून १८५६ पासून त्यांच्या कंपनीने ते हप्त्याने द्यायला सुरुवात केली. आज आमच्या बँकेत फ्रीजपासून फ्लॅटपर्यंत जे ईएमआय चालतात, त्यांचे एक मूळ असे शिलाईमशीनच्या पायटाशी सापडते. शिंप्यांना भीती होती ती यंत्राची. यंत्र घरोघरी गेल्यावर नवऱ्यांचे काय होईल, याची काळजी मात्र कोणीच केली नाही. आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्याला उषा मशीन निघाले आणि मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरांतही पोचले. माझ्या आईचे मशीन उषाच. काळे, सोनेरी वेलबुट्टीचे, पायाने चालवायचे. माझे सगळे बालपण त्याच्या घरघरीत गेले.

म्हणजे घरी शिवलेले अंगावर वागवण्याचा माझा अनुभव चाळीस वर्षांचा आहे. तिसरीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये वेशभूषा स्पर्धा होती. हल्ली असले पोशाख भाड्याने मिळतात. सकाळी शिवाजी महाराज, दुपारी तोच डबा उघडून भगतसिंग. त्या वेळी आईच शिवायची. तिने मला पोपट केले. हिरव्या परकराचे कापड, त्याला अस्तर, हाताला पंख, मागे शेपूट, आणि पुठ्ठ्यावर लाल साटीन चढवून केलेली चोच. स्टेजच्या पायऱ्या चढताना चोच घसरून हनुवटीखाली गेली आणि शेपूट पायांत आले. उरला तो नखशिखांत हिरवा असा एक लांबट पोरगा. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "मिरची आली रे, मिरची!" परीक्षकांचाही तोच समज झाला. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले ते भाजीपाला म्हणून. मी रडत घरी आलो. आई हसून हसून लोळायची बाकी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "मिरची तर मिरची. पण टाका उसवला का कुठं? नाही ना? मग झालं तर!"

हा प्रसंग ध्यानात ठेवा. आपल्या शिवणाला सबंध शाळा हसली तरी न दुखावणारी ही बाई होती.

तर पाडव्याचा शर्ट घालून मी बँकेत गेलो. आमच्या शिपाईमामांनी माझ्याकडे बघून काही न बोलता चहा आणून ठेवला, न मागता. कॅशियर म्हणाले, "शर्ट नवा दिसतोय. कुठून घेतला?" मी म्हणालो, "घरी शिवलाय." त्यानंतर शाखेत जी शांतता पसरली, ती मी फक्त ऑडिटच्या वेळी अनुभवली आहे. मग कॅशियर हळूच म्हणाले, "हं. प्रेम असतं त्यात." एखाद्याच्या घरी वाईट घडल्यावर बोलावे तशा आवाजात.

त्या दिवशी मला प्रश्न पडला. मी 'छान' म्हणालो ते खोटे होते की नाही? आणि खोटे असेल, तर ते पाप होते की पुण्य?

जर्मनीत कांट नावाचे मोठे तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांनी १७९७ मध्ये यावर एक निबंधच लिहिला. एखादा खुनी आपल्या मित्राचा पाठलाग करीत दारात आला आणि मित्र कुठे आहे असे विचारू लागला, तरीही खोटे बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे. मी यावर बराच विचार केला. मग कळले, की कांट जन्मभर अविवाहित होते. दारात खुनी उभा असताना खरे बोलणे एक वेळ जमेल. दारात औक्षणाचे ताट घेऊन बायको उभी असताना खरे बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही.

आपल्याकडची व्यवस्था जास्त व्यवहारी. सत्य बोलावे, प्रिय बोलावे, पण अप्रिय सत्य बोलू नये, असे मनूने सांगून ठेवले आहे. समस्त नवरेवर्ग हे वाक्य इथवरच पाठ करतो. याच्या पुढचे अर्धे कोणी सांगत नाही: प्रिय असले तरी असत्य बोलू नये. म्हणजे आली का पंचाईत! शर्ट वाईट म्हणू नये आणि चांगलाही म्हणू नये. मग करायचे काय? धर्मराजाने एकदा अर्धे मोठ्याने आणि अर्धे हळू बोलून यातून वाट काढली, तर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. माझी तर स्कूटर. ती आधीच खाली टेकलेली.

तत्त्वज्ञानाने हात टेकले, की कॉमर्सचा पदवीधर कागद पुढे ओढतो. मी शर्टाची कॉस्टशीट मांडली. कापड सव्वादोन मीटर, रुपये ६७५. बटणे, दोरा, कॅनव्हास, रुपये ६०. वेळ बारा तास शिवण्याचा आणि पाच तास उसवण्याचा, असे सतरा तास. तासाला पन्नास रुपये धरले तर ८५०. एकूण १,५८५. बाजारात तसाच शर्ट, दोन्ही बाह्या सारख्या असलेला, ८९९ ला मिळतो. म्हणजे घरच्या शर्टात ६८६ रुपये निव्वळ तोटा. उलट तास धरलेच नाहीत, तर १६४ रुपये नफा. सगळा प्रश्न त्या सतरा तासांचा. ते धरायचे की सोडून द्यायचे?

बायकोने मागून येऊन कागद वाचला. म्हणाली, "आणि त्या सतरा तासांत मी कोणाचा विचार करत होते, ते कुठल्या रकान्यात लिहिलंय?"

मी गहिवरून म्हणालो, "माझा?"

"नाही, बाहीचा," ती म्हणाली. "पण बाही तुमचीच होती ना!"

या बिनतोड मुद्द्यापुढे कॉस्टिंग कोसळले. मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच विद्वानाने १९२५ साली भेटवस्तूवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे, की भेट ही कधी फुकट नसते. तिच्यात तीन बंधने असतात: द्यायलाच हवे, घ्यायलाच हवे, आणि परत फेडायलाच हवे. यासाठी फ्रान्सपर्यंत जायचे कारण नव्हते. आपल्या लग्नातली आहेराची वही कोणीही दाखवली असती. कोणी काय दिले ते तिच्यात लिहितात, कशासाठी, तर त्यांच्याकडे कार्य निघाले की तेवढ्याच किमतीचे परत करता यावे म्हणून. आणि व्याजाचे म्हणाल, तर द्रौपदीने श्रीकृष्णाच्या कापल्या बोटाला साडीची एक चिंधी बांधली, तिची परतफेड त्याने भर सभेत संपता न संपणाऱ्या वस्त्राने केली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. एवढे चक्रवाढ व्याज कोणतीही बँक देत नाही. सुदाम्याची गोष्ट तर त्याहून बोलकी. घरचे पोहे द्यायला तो लाजत होता, पुरचुंडी लपवत होता. श्रीकृष्णाने ती ओढून घेतली आणि तिथल्या तिथे तोंडात टाकली. पोहे कसे होते याबद्दल तो काही बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्याने खाल्ले. विषय संपला.

इथे मला वाटले, की सापडले उत्तर. बोलायचे नाही, वापरायचे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत तुरुंगात असताना आपल्या हाताने चपलांचा एक जोड केला आणि १९१४ मध्ये तो देश सोडताना जनरल स्मट्स यांना पाठवला. म्हणजे ज्याने तुरुंगात टाकले त्यालाच घरचा आहेर. स्मट्स यांनी पुढे कित्येक उन्हाळे तो जोड वापरला आणि गांधीजींच्या सत्तरीला, १९३९ मध्ये, तो परत पाठवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या चपलांत पाय घालायची आपली योग्यता नाही, असेही लिहिले. आता त्या चपला स्मट्सना बसत होत्या की चावत होत्या? इतिहास गप्प आहे. माणूस सेनापती होता, चावत असल्या तरी बोलला नसेल.

उलटेही घडते. १९४७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिचे लग्न झाले. जगभरातून हिरेमाणके आली. गांधीजींनी पाठवला स्वतः कातलेल्या सुताचा, विणलेला एक रुमाल. नवरीची आजी राणी मेरी हिला तो गांधीजींचा पंचाच वाटला आणि ती फार संतापली, असे सांगतात. नवरीने मात्र तो जपून ठेवला. आहेर तोच, आजीला त्यात कापड दिसले, नातीला तास दिसले.

इथपर्यंत माझे तत्त्वज्ञान ठाकठीक चालले होते. शर्ट दर सोमवारी घालायचा, 'छान' म्हणायचे, आणि आपण स्मट्स आहोत असे समजायचे. पण मनात एक जागा टोचत होती. ती शर्टाची नव्हती.

माझ्या मुलीचे बारसे २०१२ मध्ये नांदेडला झाले. आई लातूरहून एसटीने आली. अहमदपूर, लोहा करीत, चार तास मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत एक कुंची आणि एक दुपटे होते. कुंची खणाची, तिला जरीचा गोट, आणि आतून बाळाला टोचू नये म्हणून तिच्याच जुन्या लुगड्याचे धुवट अस्तर. आम्ही बाजारातून बाळाचा तयार सेट आणला होता. गुलाबी, त्यावर ससा. चार पाहुण्यांच्या देखत मी ती कुंची उलटसुलट केली आणि म्हणालो, "आई, आता असलं कोणी घालत नाही गं."

हे खरे होते. शंभर टक्के खरे. कांटसाहेबांनी माझी पाठ थोपटली असती.

आई म्हणाली, "बरं." आणि कुंचीची पहिली घडी होती त्याच घडीवर तिने ती पुन्हा घातली.

भांडण नाही, रुसणे नाही. पुढच्या खेपेला लातूरला गेलो, तर उषा मशीनवर झाकण होते आणि झाकणावर मनीप्लँटची बाटली. मी विचारले, तर म्हणाली, "डोळ्यांना होत नाही आता." डोळे उत्तम होते, डाळीतला खडा ती चष्म्याशिवाय काढीत होती. मनीप्लँट वाढत वाढत खिडकीच्या गजांपर्यंत गेला. बारा वर्षे झाली. २०२० मध्ये घरोघर मास्क शिवत होते तेव्हासुद्धा ते झाकण निघाले नाही.

सबंध शाळेने मिरची म्हटले तेव्हा हसणारी बाई माझ्या एका वाक्याने का मिटली, हे मला कळत नव्हते. ते कळायला मला तिचीच एक जुनी गोष्ट आठवावी लागली.

ती गोष्ट १९९३ ची आहे. हलक्याफुलक्या लेखात ते साल आणावे का, याचा मी विचार केला. पण लातूरच्या माणसाने आईवर लिहायचे आणि ते साल गाळायचे, हे होत नाही. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. गावेच्या गावे दगडमातीखाली गेली, हजारो माणसे गेली. मी तेव्हा नववीत होतो. देशभरातून मदतीचे ट्रक आले. त्यात कपडे फार. लोकांनी मनापासून दिले, शंका नाही. पण मी पाहिलेल्या ढिगात कोटाच्या पँटी होत्या, झिरझिरीत साड्या होत्या, एक तर चक्क टाय होता. जन्मभर नऊवारी नेसलेली म्हातारी त्या ढिगापुढे हात न लावता बसून होती. आई घरी येऊन म्हणाली, "देणाऱ्यानं कपाट बघितलं, अंग नाही बघितलं."

मग गल्लीतल्या बायकांनी गंजगोलाईतून कापड आणले. लातूरची ती गोल बाजारपेठ; सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात आणि माणूस एका रस्त्याने आत गेला की हमखास दुसऱ्याच रस्त्याने बाहेर पडतो. आईने टेप गळ्यात घातली आणि जखमी माणसांना ठेवले होते तिथे जाऊन पोरींची मापे घेतली. रात्ररात्र मशीन चाले. एका सहा-सात वर्षांच्या मुलीला तिने फ्रॉक घालून बघितला. तिच्या घरातले कोण राहिले होते आणि कोण नाही, ते मी लिहीत नाही. मुलगी म्हणाली, "काखेत चिमटतंय."

बरोबरच्या बायका गप्पच झाल्या. एवढे सगळे गेले, आणि ही काखेचे सांगते! एकीने तर दटावलेसुद्धा, "दिलंय ते घाल बाई." आईने मात्र तिथेच फतकल मारली, फ्रॉक काढून घेतला, शिवण उसवली. शिवणीत दोन बोटे माया सोडलेली होती. तिने हाताने नवी टीप घालून दिली. मुलीने फ्रॉक घातला, दोन्ही हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. बस्स. त्या दिवशी आई घरी आली ती कितीतरी दिवसांनी हसऱ्या चेहऱ्याने. बाबांना म्हणाली, "पोरीनं सांगितलं हो चिमटतंय म्हणून! ज्याला कपडा टोचतो, ते माणूस जगतं."

आता बघा. ती मुलगीही खरेच बोलली आणि मीही खरेच बोललो. तिच्या खऱ्याने आई हसली, माझ्या खऱ्याने मशीनवर झाकण पडले. मुलीच्या बोलण्याचा अर्थ होता, हे माझे आहे, नीट करून दे. माझ्या बोलण्याचा अर्थ होता, हे माझे नाही, घेऊन जा. आपल्या माणसांनी आपल्या माणसांवर टीका केली, की वर्तमानपत्रवाले 'घरचा आहेर' म्हणतात. त्या बारशात आईने आणलेला घरचा आहेर मी परत केला आणि बदल्यात दुसऱ्या अर्थाचा घरचा आहेर तिच्या पदरात टाकला. पावतीही चार पाहुण्यांच्या सहीने.

एवढे कळून काय उपयोग! माफी मागायची तर बारा वर्षांनी विषय कुठून काढावा? शेवटी गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिघे लातूरला गेलो. शर्ट धुवायला टाकलेल्या कपड्यांत बाकी काही नसल्यामुळे, मी तोच चौकटीचा चढवला होता. आई दारातच थांबली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. नातीकडे बघितले नाही, माझ्याकडे बघितले नाही, खांद्याकडे बघितले.

"काय घालून आलास रे हे? कोणी शिवलं?"

बायको माझ्या मागेच उभी. मी संकटात सुचते ते बोललो, "छान आहे की नाही?"

"छान कुठलं? मुंढा उतरलाय. डावी बाही उलटी लागलीय. काढ."

मी डोळे मिटून घेतले. आता सासू-सुनेचे युद्ध. मला मधल्या मध्ये वीरगती. पण मागून बायकोचा जो आवाज आला, तो रडण्याचा नव्हता. "बघा ना आई! मला दिसत होतंच काहीतरी चुकलंय, पण काय ते कळत नव्हतं. तीन महिने ह्यांना विचारतेय, हे आपले नुसते छान छान. दर सोमवारी घालून जातात आणि मला दर सोमवारी लाज वाटते!"

म्हणजे माझे 'छान' हे पुण्यही नव्हते. तिला बाही दिसत होती, मला दिसत होती, शिपाईमामांना दिसत होती. पण मी 'छान' म्हणून दार लावून घेतल्यामुळे, त्या चुकलेल्या बाहीपाशी ती एकटीच बसून राहिली होती. मी स्वतःला स्मट्स समजत होतो. प्रत्यक्षात मी फक्त कटकट टाळत होतो. एकदा खरे बोलून मी एक मशीन बंद पाडले आणि एकदा खोटे बोलून दुसरे अडवून ठेवले. मनूचे वाक्य दोन्हीकडून चुकवणारा माणूस विरळाच.

आईने मनीप्लँट खाली ठेवला. वेल गजांना इतका गुंतला होता, की तो सोडवायला माझ्या मुलीला स्टुलावर चढावे लागले. झाकण निघाले. पट्टा ढिला पडला होता, तो ओढून घेतला. तेल घातले. घरघर सुरू झाली आणि शेजारच्या काकू खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "काय हो, मशीन विकायला काढली का?" दोघी शर्टावर वाकल्या. मी बनियनवर कोपऱ्यात. शिवण उसवून आतले कापड बघत आई सुनेला म्हणाली, "हे मात्र हुशारीचं केलंस. माया सोडलीस. माया सोडलेली असली, की कपडा कधी वाया जात नाही. पुन्हा सोडवता येतो."

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात, हे मी जन्मभर ऐकत आलो. आमच्या बँकेत त्याला मार्जिन म्हणतात आणि ते कर्जदाराकडून घेतात.

तर माझे उत्तर हे असे आहे. घरच्या माणसाने शिवलेल्या कपड्याला नाव ठेवायचा हक्क कोणाला? जो ते अंगावर ठेवून घेणार आहे, त्याला. आणि जो उसवून पुन्हा शिवायला बसणार आहे, त्याला. बाकीच्यांचे खरे हे नुसते शेरे. आणि 'छान' म्हणून मोकळे होणे, हेही परतच करणे आहे, फक्त पावती न देता.

मी धीर करून म्हणालो, "आई, ती बारशाची कुंची..."

आईच्या तोंडात दोरा होता. तिने तो काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आधी सुईत ओव."

मी अर्धा तास प्रयत्न केला. शेहेचाळिशीचे डोळे, सुईचे भोक दिसेना. शेवटी मुलीने एका झटक्यात ओवून दिला आणि विचारले, "आजी, कुंची म्हणजे काय गं?" आजीने सांगायला सुरुवात केली. मी ऐकत बसलो. माफी मागायची राहून गेली. पण नांदेडला आल्यावर ट्रंकेतून ती कुंची निघाली आणि आता मुलीच्या टेबलावर असते. तिच्यात काय ठेवतात हे विचारू नका. सध्या कॅल्क्युलेटर आहे.

शर्टाच्या दोन्ही बाह्या आता सारख्या आहेत. चौकटी अजून जुळत नाहीत, पण तो दोष कापतानाचा आहे, तो आता ऑडिटमध्येसुद्धा निघणार नाही. शिपाईमामा हल्ली न मागता चहा आणत नाहीत, यावरून काय ते समजावे. बायकोने उत्साहाच्या भरात आता माझी पँट कापायला घेतली आहे. मी खरे बोलायचे ठरवले आहे. म्हणून रोज रात्री जेवण झाले, की चष्मा लावून सुईत दोरा ओवायचा सराव करतो.